पत्र आधी, सुनावणी नंतर

(दृश्य: टेबलावर एक पाकीट. समोरासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक रिकामी.)

या पाकिटात कामावरून काढल्याचं पत्र आहे. सकाळीच टाइप झालंय, सहीही झालीय. ज्याच्या नावाचं ते आहे, तो कर्मचारी अजून बाहेर बाकावर बसलाय. थोड्या वेळानं त्याला आत बोलावतील आणि विचारतील, "तुमचं काय म्हणणं आहे?"

तो काहीही म्हणाला, तरी आता काय फरक पडणार आहे?

आरोप किरकोळ नाही. आठ महिने प्रवासखर्चाची खोटी बिलं लावली, असं तक्रारीत आहे. बिलं खोटी असतील, तर शिक्षा व्हायलाच हवी. पण 'असतील' आणि 'आहेत' यांच्या मधे चौकशी असते. ती टाळली, तर शिक्षा योग्य ठरली तरी अन्याय व्हायचा तो होतोच. गेल्या वर्षी हेच आणखी एकाबद्दल निघालं होतं. तो विक्रीत पहिला होता. तोंडी समज देऊन प्रकरण मिटवलं गेलं.

१९८२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं नोकरीतून काढण्याबद्दलचा १५८ क्रमांकाचा करार केला. त्याचं सातवं कलम सांगतं, की वर्तणुकीच्या कारणावरून कुणाला काढण्याआधी त्याला आरोपांवर आपली बाजू मांडू द्यावी. मालकाकडून तशी अपेक्षा करणंच रास्त नसेल, तेवढाच अपवाद. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही. तरी त्यातला 'आधी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

बाजू मांडायची, तर आरोप नेमका कळायला हवा. कोणतं बिल, कोणती तारीख, किती रक्कम. "तुमच्याविरुद्ध तक्रारी आहेत" एवढ्यावर कुणी खुलासा करू शकत नाही. माणूस नुसता घाबरतो.

आणि जिनं तक्रार केली, तिचं काय? तिचं नाव दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर पसरलेलं असतं. छळाच्या प्रकरणात तर तक्रारदाराला आरोपीच्या समोर बसवणं हा दुसरा छळ ठरू शकतो. एकाचं ऐकायचं म्हणून दुसरीला वाऱ्यावर सोडायचं नसतं.

अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्यांशी अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी बोलले आणि १९५३ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. विश्वासातली माणसं पैसे का खातात? कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी, आणि स्वतःच्या मनाची काढलेली समजूत: उसने घेतोय, परत ठेवीन. यामुळे गुन्हा माफ होत नाही. पण यातली संधी बघा. ती बहुतेकदा एकट्या कर्मचाऱ्यानं तयार केलेली नसते.

आठ महिने ही बिलं कुणीतरी मंजूर करत होतं.

(दृश्य: दोन कागद शेजारी शेजारी. कॅमेरा हळूहळू खाली सरकतो.)

डावीकडे पहिलं बिल. तळाशी मंजुरीची सही.

उजवीकडे पाकिटातलं पत्र. तळाशी सही.

दोन्ही सह्या एकाच हाताच्या आहेत.

बाहेर बाकावरून कर्मचारी उठतो. दार उघडतं. आत सुनावणी घ्यायला तेच साहेब बसलेत.