गुण गमावण्याची तयारी

मित्रहो, टेनिसपटूच्या शैलीचा विषय निघाला की आपण आधी फटक्यांबद्दल बोलतो. अमक्याचा फोरहँड जबरदस्त, तमक्याची सर्व्हिस बिनतोड, फलाण्याचा बॅकहँड अजून एकहाती. हे सगळं खरंच आहे. पण मी सामना बघायला बसतो तेव्हा मला दुसराच प्रश्न पडतो: हा खेळाडू कोणत्या प्रकारे गुण गमावायला तयार आहे?

गुण तर जाणारच. रॉजर फेडरर एकेरीचे १५२६ सामने खेळला. त्यातले जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, पण गुण मात्र ५४ टक्केच. एवढा मोठा खेळाडू, आणि शंभरातले ४६ गुण हरतो. मग रोज इतक्या वेळा हरायचं तर ते कसं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माझ्या मते शैलीचा जन्म तिथे होतो.

पीट सॅम्प्रस सर्व्हिस टाकून नेटकडे धावायचा. नेटवर आलेल्या खेळाडूच्या बगलेतून पासिंग शॉट जातो तेव्हा तो पुरता उघडा पडतो, नुसता बघत राहतो. हे ज्याच्या जिवाला लागतं त्याने नेटवर जाऊ नये. सॅम्प्रस पुढच्या सर्व्हिसला पुन्हा तिथेच हजर असायचा. ब्योर्न बोर्गची कसोटी नेमकी उलट. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, टॉपस्पिनचे (पुढच्या दिशेने फिरत झपकन खाली येणारे) चेंडू परत, परत आणि परत. वीस-पंचवीस फटके मारून शेवटचा नेटमध्ये गेला, तरी पुढची रॅली तितक्याच धिमेपणाने सुरू करायची. अशी वाट पाहणं सॅम्प्रसला सोसलं नसतं.

सगळंच स्वभावावर असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. विम्बल्डनने २००१मध्ये गवताचं मिश्रण बदललं आणि चेंडूची उसळी वाढली. रॅकेटच्या पॉलिएस्टर तारांमुळे बेसलाइनवरून जोरात मारलेला चेंडूही आत पडू लागला. २००२च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ह्युइट आणि नालबांडियान यांनी एकदाही सर्व्ह-अँड-व्हॉली केली नाही, म्हणजे सर्व्हिस टाकून कोणी लगेच नेटकडे धावलंच नाही.

इथे मला आपल्या भारताच्या रमेश कृष्णन यांच्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. सर्व्हिसमध्ये जोर नाही, फटक्यात दणका नाही. होता तो हलका, अचूक हात. १९८९च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यांनी जगातला पहिल्या क्रमांकाचा आणि तिथलाच गतविजेता मॅट्स विलँडर याला सरळ सेटमध्ये हरवलं. विलँडरसारख्याला समोरून वेग मिळाला की तो खुलतो. रमेश तो वेगच द्यायचे नाहीत. चेंडू उसळताच हाफ व्हॉलीवर घ्यायचा, खाली ठेवायचा, कोपऱ्यात सोडायचा. अशा खेळाडूला कधी ना कधी एखादा ताकदवान गडी चिरडून टाकतोच, आणि ते त्याला आधीपासून माहीत असतं. तरी तो उगाच जोर लावायला जात नाही. ही हिंमत आपल्याकडे फार कमी लोकांनी ओळखली, असं मला मनापासून वाटतं.

आता दोन गुणांमधल्या वेळेकडे या. नियमाने २५ सेकंद. प्रत्यक्ष चेंडू खेळात असतो त्यापेक्षा हा वेळ कितीतरी जास्त भरतो. नदाल बाटल्या ठरल्या जागी, ठरल्या दिशेने लावायचा. लोकांनी त्यात विक्षिप्तपणा पाहिला. मला त्यात शिस्त दिसते: मागचा गुण तिथे मिटवायचा. मॅकेन्रोचं इंधन म्हणजे राग, आणि बरेचदा तो त्यावर चालायचाही. पण १९८४च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात लेंडलविरुद्ध दोन सेटची आघाडी असताना कॅमेरामनच्या हेडसेटमधून येणाऱ्या आवाजावर तो भडकला आणि सामना हातातून गेला. त्या अख्ख्या वर्षात तो तीनच सामने हरला, त्यातला हा एक.

२०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यातले दोन गुण जरा जवळून पाहू. पाचवा सेट, फेडरर ८-७ पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५, म्हणजे सामना जिंकायला एकच गुण हवा. पहिल्या मॅच पॉइंटला त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो फोरहँड मारून नेटवर आला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँडने त्याला पास केलं. सामना संपला तेव्हा फेडररचे गुण २१८ आणि जोकोविचचे २०४, आणि करंडक जोकोविचकडे. तिन्ही टायब्रेक, म्हणजे सेट बरोबरीत अडकल्यावर खेळले जाणारे निर्णायक गेम, त्याने घेतले. प्रेक्षक रॉजरच्या नावाचा घोष करत होते, तो आपण ‘नोवाक’ असा मनात ऐकत होतो, असं त्याने नंतर सांगितलं. हे त्याला त्या दिवशी अचानक सुचलेलं नव्हे. मन वळवण्याचा सरावही बॅकहँडसारखाच वर्षानुवर्षं करावा लागतो.

फेडररने त्या दुसऱ्या गुणाला नेटवर यायला नको होतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या खेळाने तो तिथवर पोचला, तोच खेळ तो खेळला.

याना नोवोत्नाचंही हेच. १९९३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ती ४-१ पुढे होती, ५-१साठी गेम पॉइंट होता. तिथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, आणि पुढचे पाचही गेम गमावले. दडपण पेलवत नाही, हा शिक्का तिच्यावर बसला तो कायमचा. अशा वेळी कोणीही म्हणालं असतं, बाई, आता मागे राहून जपून खेळ. तिने ते केलं नाही. १९९७च्या अंतिम सामन्यात ती हिंगिसकडून हरली, तेव्हाही ती नेटवर येत होती. १९९८च्या अंतिम सामन्यात नाताली तोझियाविरुद्धही ती तशीच खेळली, आणि ६-४, ७-६ असा तो सामना तिने जिंकला.