घरच्या बाळंतपणात कळा किती सोसायच्या?

(इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांच्या एका मेळाव्यात, तिथेच काम करणाऱ्या एका मराठी मिडवाईफने (प्रशिक्षित सुईणीने) केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर दिवस गेलेल्या मुली बसल्या आहेत, त्यांचे नवरे आहेत, आणि लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आया-सासवाही दिसताहेत. मला तुम्हा सगळ्यांशीच बोलायचंय. घरी बाळंतपण करायचं ठरलं की कळा किती सोसायच्या आणि कधी काय घ्यायचं, हे त्या खोलीत तुम्हीच ठरवता. आणि बरेचदा त्याआधी या विषयावर एकमेकांशी कुणी नीट बोललेलंच नसतं.

मी जे सांगणार आहे ते इंग्लंडपुरतं आहे. इथे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, मिडवाईफ घरी येतात, जन्माच्या वेळी शक्यतो दोघी असतात. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, बाळाला श्वास द्यायची सामग्री बरोबर असते, आणि ॲम्ब्युलन्स बोलावली की दवाखान्याचं दार उघडं असतं. महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय पाहणीनुसार शंभरातली जवळपास पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि तिथली परिस्थिती पाहता ते योग्यच आहे. तेव्हा कोल्हापूरच्या चुलतबहिणीला फोन करून "आमच्याकडे घरीच करतात, तूही कर" असं कृपा करून सांगू नका.

आणखी एक आकडा आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इंग्लंडमध्ये 2011 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीची शक्यता कमी असलेल्या चौसष्ट हजारांहून अधिक बायकांची त्यात नोंद होती. घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात पंचेचाळीस जणी बाळंतपण चालू असताना किंवा लगेच नंतर दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हेच प्रमाण बारा होतं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण पहिलटकरणींमध्ये घरी हजारात 9.3 आणि दवाखान्यात 5.3 निघालं. दुसऱ्या खेपेपासून असा फरक दिसला नाही. हलवण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाळंतपण पुढे न सरकणं. काही जणी मात्र एपिड्युरल, म्हणजे मणक्यातून दिली जाणारी भूल, हवं म्हणून गेल्या. म्हणजे पहिलटकरणीने घरी बाळंतपण ठरवताना गाडीत बसण्याची शक्यता जवळजवळ अर्धी धरायची. दवाखान्यात जाण्याला अपयश म्हणायचं नाही. वेदना कमी करण्याच्या योजनेतच ती पायरी लिहून ठेवायची. आज मला हेच सांगायचंय: घरी काय काय मिळतं हे ठाऊक असायला हवंच, पण ते कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि पुढचं कधी मागायचं हे आधी ठरलेलं असायला हवं.

आता एकेक उपाय बघू. सुरुवातीच्या कळा कधी कधी रात्रभर रेंगाळतात. तेव्हा मिडवाईफ अजून आलेली नसते. कोमट पाण्याचा शॉवर, पॅरासिटामॉल, थोडं खाणं, झोप लागली तर झोप. टेन्स नावाचं छोटं यंत्र भाड्याने मिळतं. त्याच्या चार पट्ट्या पाठीला चिकटवायच्या, दोन ब्राच्या पट्ट्याच्या उंचीला आणि दोन खाली कंबरेला. बारीक मुंग्या येतात आणि कळ चढली की बटण दाबून जोर वाढवता येतो. कळा नीट लागल्यावर त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही, म्हणून इथल्या मार्गदर्शक सूचना ते त्या टप्प्यावर देऊ नका म्हणतात. पण पहिल्या काही तासांत हातात एक बटण असणं बऱ्याच जणींना धीर देतं. पाण्यात उतरण्याआधी मात्र ते काढायचंच.

पाठ धरलेली असेल तर आईचा हात. भारतातून आलेल्या एका आईने तळहाताचा खालचा भाग लेकीच्या माकडहाडावर ठेवून दर कळेला असा काही दाब दिला, की मी माझी पिशवी उघडायच्या आधी निम्मं काम झालं होतं. आयांनो, हे तुम्हाला येतं. एवढीच विनंती, की दाब देताना "सोस गं, आम्ही नाही का सोसलं" असं म्हणू नका. ते ऐकलं की मुलगी मागायचं थांबते. वेळेवर न मागितल्याचा त्रास काय असतो ते पुढे सांगते.

पाठदुखी फारच असेल तर आणखी एक उपाय आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. कमरेच्या खाली, जिथे दोन खळ्या असतात त्या भागात, चार ठिकाणी कातडीत अगदी थोडं निर्जंतुक पाणी टोचायचं. औषध नाही, नुसतं पाणी. टोचताना गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते, अर्धा मिनिट तरी. मग पाठीतली कळ बऱ्याच जणींची तास-दोन तास उतरते. 2023च्या राष्ट्रीय सूचनांमध्ये याचा समावेश झालाय. तुमच्या भागातल्या मिडवाईफ ते शिकलेल्या आहेत का, एवढं आधी विचारा.

पाणी म्हटलं की टब आला. घरी बाळंतपण करायचं मुख्य कारण अनेक जणींसाठी तेच असतं, आणि मलाही ते पटतं. कोमट पाण्यात शरीर तरंगतं, कूस बदलणं सोपं होतं, आणि पाण्यात असलेल्या बायकांना एपिड्युरल कमी लागतं असं अभ्यासांत दिसलंय. पाण्याचं तापमान 37.5 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ते आम्ही तासातासाला बघतो. नवऱ्यांनी एक काम करायचं: दिवस भरायच्या आत एकदा टब फुगवून, नळीने भरून बघायचा. नळाला नळीचं तोंड बसत नाही, किंवा बॉयलरचं गरम पाणी टब निम्मा भरायच्या आत संपतं, हे कळा चालू असताना कळून उपयोग नाही. आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर एवढ्या पाण्याचं वजन जमीन पेलेल का, ते विचारून घ्या.

आता गॅस. इथे सगळे त्याला "गॅस अँड एअर" म्हणतात, कंपनीने त्याला दिलेलं नाव एंटोनॉक्स. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. हा गॅस घरच्या बाळंतपणांसाठीच जणू घडला, म्हणून थोडा इतिहास सांगते. 1853 साली राणी व्हिक्टोरियाला आठव्या मुलाच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिलं, तेही राजवाड्यात, म्हणजे घरीच. पण साध्या घरातल्या बाईसाठी डॉक्टर कुठून येणार? 1930च्या दशकात लिव्हरपूलच्या डॉ. रॉबर्ट मिनिट यांनी नायट्रस ऑक्साइड आणि हवा मिसळून देणारं, उचलून नेता येईल असं यंत्र केलं, आणि 1936 साली मिडवाईफना ते स्वतः वापरायची परवानगी मिळाली. पण त्या मिश्रणात ऑक्सिजन कमी पडायचा. 1961 मध्ये डॉ. मायकल टन्स्टॉल यांनी दोन्ही वायू एकाच सिलिंडरमध्ये अर्धे अर्धे भरून दाखवले. आज माझ्या गाडीत असतो तो तोच.

तो घ्यायची रीत नीट ऐका, कारण निम्म्या जणी चुकीच्या वेळी घेतात आणि मग गॅसचा काही उपयोग नाही म्हणतात. गॅस अंगात भिनायला वीस-तीस सेकंद लागतात आणि त्याचा जोर पन्नास सेकंदांच्या आसपास पुरता जाणवतो. कळही साधारण तेवढ्याच वेळात शिखरावर पोहोचते. म्हणून पोट ताठरायला लागलंय असं वाटताक्षणी नळी तोंडात धरायची, ओठ घट्ट मिटायचे आणि सावकाश, खोल श्वास घ्यायचा. झडप ओढल्यावरच उघडते, तिचा खट् आवाज येतो. कळ ओसरायला लागली की नळी खाली. नळी फक्त बाईनेच धरायची, नवऱ्याने प्रेमाने तिच्या तोंडाशी धरायची नाही. तिला गुंगी जास्त आली तर हात आपोआप खाली पडतो, गॅस थांबतो, दोन-चार श्वासांत ती शुद्धीवर येते. तिच्या सुरक्षेची हीच सोय आहे. पहिल्या दोन-तीन कळांना गरगरतं, मळमळतं, पण ते बहुतेकींना सवयीने कमी होतं. ओठ कोरडे पडतात, शेजारी पाणी ठेवा.

या गॅसमुळे आग जास्त भडकते. त्या खोलीत मेणबत्ती नको, उदबत्ती नको, आणि देवाजवळची समई दुसऱ्या खोलीत लावा. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी वाद नको. खिडकी थोडी उघडी असू द्या. 2022-23च्या हिवाळ्यात इथल्या काही दवाखान्यांना प्रसूतिगृहात हवा खेळती नव्हती म्हणून हा गॅस काही काळ थांबवावा लागला होता. सिलिंडर फार थंडीत, उणे सहा अंशांच्या आसपास राहिला तर आतले वायू वेगळे होतात आणि शेवटी शेवटी ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून आम्ही तो रात्रभर गाडीत ठेवत नाही. तुमच्या घरी आधीच आणून ठेवला तर गारठ्याच्या गॅरेजमध्ये टाकू नका.

आणि आपल्या शाकाहारी मुलींसाठी खास: नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व निकामी करतं. ज्यांचं बी-12 चांगलं आहे त्यांना बाळंतपणापुरत्या गॅसने सहसा काही होत नाही. पण ते मुळातच खूप कमी असेल आणि गॅस तासन् तास घेतला, तर मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आपल्याकडे बी-12ची कमतरता किती आढळते ते तुम्हाला सांगायला नको. गरोदरपणाच्या रक्ततपासणीत ते मोजून घ्या, कमी असेल तर भरून काढा, आणि मिडवाईफला सांगा.

पेथिडीन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाचं इंजेक्शन काही भागांत घरीही मिळतं, बऱ्याच ठिकाणी नाही. माझं मत विचाराल तर घरी ते मला नको वाटतं. वेदना फार कमी होत नाहीत, गुंगी आणि उलट्या मात्र होतात, बाळ सुस्त जन्मून त्याचा श्वास मंदावू शकतो आणि पहिलं दूध ओढायला त्याला जड जातं. शिवाय इंजेक्शननंतर दोन तास पाण्यात उतरता येत नाही. इतकी वेदना असेल तर सरळ एपिड्युरलचा विचार करावा.

एपिड्युरल घरी का नाही? मणक्यात नळी घालायला भूलतज्ज्ञ लागतो, नंतर रक्तदाब सतत बघावा लागतो, बाळाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवावं लागतं. म्हणून वेळेचा हिशेब करा. मागितल्यापासून ॲम्ब्युलन्स येणार, प्रवास होणार, दाखल होणार, भूलतज्ज्ञ मोकळा होणार, नळी बसणार, औषध लागू होणार. आता सहन होत नाही अशा क्षणापर्यंत थांबलात, तर त्यापुढचा हा सगळा वेळही तसाच काढावा लागतो. म्हणून मी म्हणते, मागायचं ते लवकर मागा.

यात एक अडचण आहे. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या थोडं आधी जवळजवळ प्रत्येक बाई "मला नको हे, मला घेऊन चला" म्हणते. थरथरते, उलटी होते, कुणाला हात लावू देत नाही. त्या वेळी बाळ कदाचित तासाभरात येणार असतं आणि गाडी काढली तर ते रस्त्यात होईल. मिडवाईफ तेव्हा तपासून तुम्हाला खरं सांगेल. पण त्या बाईचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून नवरा-बायकोने एक शब्द आधीच ठरवून ठेवा. तिने कितीही आरडाओरडा केला तरी चालेल, पण तो शब्द उच्चारला की तिला खरंच दवाखान्यात जायचंय. मग नवऱ्याने "अगं, थोडंच राहिलंय" म्हणायचं नाही. तपासणी करायची, वेळ बघायची आणि निर्णय तिचा. तो शब्द आम्हालाही सांगून ठेवा, आम्ही तो कागदावर लिहून ठेवतो.

बाळ झाल्यावरही वेदनांचं काम संपत नाही. टाके घालायचे असले तर तेवढी जागा बधिर करूनच घालायचे, तेही घरी करता येतं, आणि हवा असेल तर तोच गॅस पुन्हा हातात. बधिर झालं नाही असं वाटलं तर स्पष्ट सांगा, आम्ही थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळ दूध ओढायला लागलं की पोटात पुन्हा कळा येतात, पहिल्या खेपेपेक्षा जास्त. गर्भाशय आकसत असतं. त्यासाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, अंगावर पाजताना दोन्ही सहसा चालतात. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. कोडीन असलेल्या गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत, ते दुधातून बाळापर्यंत जातं. घरातल्या कपाटात जुनं पाकीट असेल तर त्यावरचं नाव वाचून बघा.

आता प्रश्न विचारा. पाठीमागे बसलेल्या काकूंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.