नाळेकडून धूर

२ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेतलं लेक मिशिगन. म्हणायचं सरोवर, पण पलीकडचा काठ दिसत नाही. बफेलोहून मिलवॉकीला निघालेलं 'फ्रँक ओ'कॉनर' हे जहाज विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यालगत आलंय. पोटात सुमारे ३,००० टन दगडी कोळसा. हिवाळा तोंडावर आहे.

दुपार कलताना नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, धूर निघतो.

(जहाजाचं जुनं छायाचित्र)

हे जहाज लाकडाचं होतं. तब्बल ३०१ फूट लांब, ओकच्या लाकडाचं. १८९२ मध्ये मिशिगनच्या वेस्ट बे सिटीत जेम्स डेव्हिडसन यांनी ते बांधलं, तेव्हा नाव होतं 'सिटी ऑफ नेपल्स'. पोलादी जहाजं या सरोवरांत तोवर आलीही होती. डेव्हिडसन लाकूड सोडायला तयार नव्हते. इतकं लांब लाकडी जहाज लाटांवर वाकतं, त्याचे सांधे ढिले होतात. म्हणून त्यांनी सांगाडा लोखंडी पट्ट्यांनी आवळून घेतला. ही कारागिरी सत्तावीस वर्षं टिकली. पण आगीपुढे लाकूड ते लाकूडच.

कप्तान विल्यम हेज जहाज किनाऱ्याकडे वळवतात. किनारा दोनेक मैलांवर राहतो आणि ज्वाळा सुकाणूच्या यंत्रणेला गाठतात. आता जहाज वळवता येत नाही. कप्तान हुकूम देतात, होड्या सोडा.

(कॅना आयलंडचं दीपगृह)

समोरच कॅना आयलंडचं दीपगृह, १८६९ पासून उभं. तिथले रखवालदार ऑस्कर क्नुडसेन आपल्या मदतनिसाला घेऊन मोटारबोटीतून निघाले. जहाज आता वाचणार नव्हतं. खलाशी मात्र सगळे वाचले, एकूण एक. रात्री दिवा तेवत ठेवणं हे ज्यांचं काम, ते त्या दिवशी स्वतः पेटत्या जहाजाच्या दिशेनं गेले. या साऱ्या हकिगतीत मन अडतं ते इथेच.

जहाज पाण्याच्या पातळीपर्यंत जळालं आणि बुडालं.

(पाण्याखालचं चित्रण)

आज ते सुमारे ६५ फूट खोल आहे. १९९४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीत त्याचं नाव आहे. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे अशा सांगाड्याचा फडशा पाडतात. या गोड्या, थंड पाण्यात ते नाहीत. म्हणून आगीनं सोडलेलं तळाचं लाकूड अजून हाताला लागतं. जवळ बॉयलर, मागे जहाजाला पुढे ढकलणारा पंखा. आणि मधोमध इंजिन, अजून ताठ उभं.