शीतक, पण 120 अंशांसाठी

60 अंश सेल्सिअसचं पाणी वाफाळत गटारात चाललंय. भिंतीपलीकडे बॉयलर पेटलाय, कारण वाळवणयंत्राला 120 अंशांची उष्णता हवी. वाया जाणारी ऊब उचलून तिथवर चढवू शकतो तो हीट पंप. पण त्यात कोणता शीतक, म्हणजे उष्णता उचलून नेणारा पदार्थ, भरायचा, इथे भल्याभल्यांची दमछाक होते.

शीतक बाष्पकात उकळतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो आणि संघनकात द्रव होताना उष्णता सोडतो. मात्र क्रांतिक तापमानाच्या वर कितीही दाब द्या, वाफेचा द्रव होत नाही. गाड्यांच्या एसीतल्या आर-134ए ची ही हद्द 101 अंश. तो इथेच बाद. अमोनियाची 132, पण त्याचा दाब 90 अंशांनाच 50 बारच्या (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) पुढे जातो.

मग पाणीच का नको? हद्द 374 अंश, विष नाही, आग नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते. अडचण आहे ती वाफेच्या पसाऱ्याची. 60 अंशांना एक किलो वाफेला साडेसात घनमीटरांहून जास्त जागा लागते, आणि 120 गाठायला दाब दहापट करावा लागतो. कॉम्प्रेसर अवाढव्य होतो.

पेंटेन या हायड्रोकार्बनची हद्द 196 अंश, आणि 120 अंशांना दाब जेमतेम 9 बार. पण त्याला एक खोड आहे. पाण्याची वाफ दाबली की ती तापून आणखी कोरडी होते. पेंटेनचा रेणू मोठा. दाबताना दिलेली ऊर्जा त्याच्या आतल्या हालचालींतच मुरते, तापमान फारसं चढत नाही. त्यामुळे नुकती कोरडी झालेली वाफ कॉम्प्रेसरच्या आतच थेंब धरू लागते. हे थेंब झडपांवर आदळतात, वंगणाचं तेल पातळ करतात. म्हणून संघनकातून निघालेल्या गरम द्रवावर ही वाफ आधी तापवून घेतात, मगच कॉम्प्रेसरमध्ये सोडतात.

पेंटेन पेट घेतो, हे खरंच. न पेटणारा आर-245एफए आहे, पण हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापवतो. 2016 च्या किगाली करारात अशांचा वापर घटवायचं ठरलंय. आर-1233झेडडी तेवढा तापवत नाही, त्याची हद्दही 166 अंशांची. मात्र 2023 मध्ये पाच युरोपीय देशांनी पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहजी न विरणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर निर्बंधांचा प्रस्ताव मांडला, आणि त्या व्याख्येत तोही बसतो.

मी पेंटेनच निवडेन. गळती शोधणारे सेन्सर, खेळती हवा आणि यंत्रात कमीत कमी पेंटेन, एवढी व्यवस्था पहिल्या नकाशातच आखून.