पाच शाह्या, पहिला मुक्काम अचलपूर

(दृश्य : पहाट. कापूस खरेदीचा वजनकाटा. एकेक बॅग काट्यावर चढते.)

कापसाच्या काट्यावर बॅगा मोजायची अक्कल कोणाची, ते आता कोणी कबूल करत नाही. पण मोजल्या. पहिली १३ किलो ४०० ग्रॅम. ही खास ट्रेकिंगची, ऑनलाइन मागवलेली, पुण्याला कंपनीत असणाऱ्या दोस्ताची. दुसरी ९ किलो, मास्तरच्या पोराचं कॉलेजातलं दप्तर. तिसरी बियाणं विकणाऱ्यांनी मेळाव्यात फुकट वाटलेली. तिचा मालक कृषी केंद्र चालवतो, त्याच्याकडे अशा अजून अकरा आहेत. चौथी माझी. तिच्यात कॅमेरा, दोन बॅटऱ्या, आणि मायनं कोंबलेल्या पंधरा भाकरी, जवसाची चटणी, ठेचा.

काट्यावरचे काकाजी म्हणाले, "चौघाचं मिळून अर्धा क्विंटल बी नाही भरलं. कुठी चालले पोट्टेहो?"

"बिदर, विजापूर, गोवळकोंडा."

"अन् आज?"

"आज अचलपूर."

काकाजी हसायलाच लागले. "अचलपूर? तथी त मी दर मयन्याले जातो. तथी काय हाय पाह्याले?"

(दृश्य : एसटीची खिडकी. कपाशी, तूर, मधेच बाभळी.)

शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. बहमनी राज्याचे तुकडे किती झाले? पाच. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, बरीदशाही आणि इमादशाही. आमचे गुरुजी इमादशाहीवर आले की खडू ठेवून द्यायचे. "ही आपली. वऱ्हाडची," म्हणायचे, आणि पुढच्या धड्याला लागायचे. पुस्तकातच एक ओळ होती, ते तरी काय करतील.

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, बिदर, विजापूर, गोवळकोंडा. या चार राजधान्या बॅग पाठीला लावून बघायच्या हा बेत आमचा दोन वर्षांपासूनचा. मास्तरच्या पोरानं नकाशा पसरला तेव्हा कळलं, पाचवी आपल्या घरापासून एका एसटीवर आहे. आम्ही तिथं बैल घ्यायला गेलो, दवाखान्यात गेलो, लग्नाला तर किती वेळा गेलो. राजधानी बघायला कधी गेलो नाही. मग सुरुवात तिथूनच करायची ठरली.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. खारपाण पट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेली ही काळीभोर जमीन कापूस झकास पिकवते, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे आमच्याकडचा माणूस प्रवासाला निघाला की आधी पाण्याची बाटली बघतो आणि मग तिकीट. सातपुड्याच्या दिशेनं सरकलं की पाण्याची चव बदलते. अंजनगावला उतरून नळाचं पाणी पिऊन बघा, आम्ही काय म्हणतो ते कळेल.

रस्त्याच्या कडेनं मधून मधून दोन बारीक रूळ दिसतात. झुडपांत गेलेले. ही आमची शकुंतला. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि पुढं यवतमाळ. अडीच फुटांची नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस मोठ्या लायनीपर्यंत पोचवायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं टाकलेली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं, मग काहीच आलं नाही. माझ्या आजोबांनी तिच्यातून प्रवास केला आणि मधेच उतरून बोरं तोडून परत डब्यात चढले, असं ते सांगायचे. ही गोष्ट या भागातला प्रत्येक आजोबा सांगतो. निदान निम्मे तरी खरे बोलत असतील.

(दृश्य : परतवाडा बसस्थानक. मोची पट्टा शिवतोय. क्लोजअप : आरी, मेणाचा दोरा.)

परतवाड्याला उतरताना तेरा किलोवालीचा पट्टा तुटला. महागातली बॅग, पहिला दिवस. बाहेर बसलेल्या मोचीबुवांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पट्ट्याच्या शिवणीत नख घातलं आणि म्हणाले, "दोरा नाही हो हा, केस हाय." आरीनं भोकं पाडली, मेण लावलेला दोरा दुहेरी घातला, वर चामड्याचा चौकोनी तुकडा ठेवून चारी बाजूंनी टाके घेतले. वीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं पुण्याचा दोस्त कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवत होता. तुम्ही रांगेत आहात, असं त्याला सांगण्यात आलं.

(दृश्य : अचलपूर. दुल्हा दरवाजा. कमानीखालून सायकली, ऑटो, शेळ्या.)

परतवाडा ही छावणी, अचलपूर हे जुनं शहर. मधे सापन आणि बिच्छन या नद्या. महानुभावांच्या ग्रंथात याच शहराला अळजपूर म्हटलंय, आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, ज्या रिद्धपुरात लिहिला गेला, ते इथून फार दूर नाही. म्हणजे इमादशाही यायच्या आधीसुद्धा हे काही आडगाव नव्हतं.

दरवाज्यासमोर कॅमेरा लावला आणि पाच मिनिटांत कळलं की नुसता दरवाजा टिपता येणार नाही. कमानीत चप्पलवाला आहे. बाजूला पंक्चरचं दुकान. वरच्या दगडांतून पिंपळ फुटलाय. एक आजी कमानीच्या सावलीत लसूण सोलत बसल्या होत्या, म्हणाल्या, "माहा नको घेऊ फोटो, दरवाज्याचा घे." दरवाज्याचा घ्यायचा तर आजी येतातच. त्या या फ्रेममध्ये आहेत, पाठमोऱ्या, त्यांना विचारून.

शहराबाहेर शेतांत हौज कटोरा आहे. गोल हौद, वाटीसारखा, म्हणून कटोरा. आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, कमानींवर कमानी, तीन मजले. उन्हाळ्यात पाण्याच्या मधे बसून वारा खायची ही जागा, बहमनी काळातली. मे महिन्यात वऱ्हाड काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे बांधणाऱ्याबद्दल लगेच आपुलकी वाटते.

बाजूच्या वावरातल्या भाऊंनी हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून दिली. आमच्याकडे ठेचा होताच. तिथंच बांधावर भाकरी सोडल्या. मी विचारलं, "लोक येतात का हो हे पाह्याले?"

"येतात ना. पोट्टे येतात फोटो काढाले."

"अन् तुमाले काय काम पडते याचं?"

भाऊंनी मनोऱ्याकडे पाहिलं. "याची सावली त्या तुरीपाशी आली का आमी जेवतो."

(दृश्य : मनोऱ्याची सावली. तीन मिनिटांचा शॉट, वेग वाढवलेला.)

आता ज्याच्यामुळं हे शहर राजधानी झालं, त्याच्याविषयी. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की हा मूळचा विजयनगरकडचा, कानडी हिंदू घरातला मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या पदरी वाढला. नव्या धर्मात, नव्या मुलखात, नव्या भाषेत. पुढं बहमनींचा वजीर महमूद गावान यानं वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, तेव्हा गाविल या पोराकडे आला. इमाद-उल-मुल्क म्हणजे राज्याचा आधार. १४९० मध्ये या आधारानं स्वतःचंच राज्य मांडलं.

(दृश्य : चिखलदऱ्याचा घाट. धुकं. मग गाविलगडाची तटबंदी.)

गाविलगड चिखलदऱ्याला लागून आहे, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास. घाटात गवळ्यांकडे रबडी खाल्ली. तिच्याबद्दल बोलायला लागलो तर किल्ला राहून जाईल. अहमदशाह बहमनीनं १४२५ च्या सुमारास इथं पक्का कोट उभा केला आणि फतहुल्लानं तो दुरुस्त केला. आत देवतलाव आहे, मछली तलाव आहे, उंच चौथऱ्यावर मशीद आहे, गवतात पडलेल्या तोफा आहेत.

पण आम्ही थांबलो ते दरवाज्यापाशी. तिथं दगडात एक पक्षी आहे. धड एक, डोकी दोन. त्यानं हत्ती धरलेत, आणि ते हत्ती त्याच्यापुढं उंदराएवढे दिसतात. हा गंडभेरुंड. कर्नाटकाचं चिन्ह. विजयनगरच्या नाण्यांवर असतो, आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेतही आहे. वऱ्हाडातल्या मुसलमान सुलतानाच्या दरवाज्यावर तो काय करतोय? अभ्यासक त्याचा धागा फतहुल्लाच्या जन्मघराशी जोडतात.

मी लेन्स बदलून जवळ गेलो. पंखाची पिसं एकेक कोरलेली आहेत, वरची आखूड, खालची लांब. एका हत्तीची सोंड झिजून गुळगुळीत झालीय. इतकी वर्षं येणारा जाणारा तिला हात लावत असणार. कृषी केंद्रवाल्यानंही लावला. मी म्हटलं, "नको लावू बे," आणि नंतर कोणी बघत नाही असं पाहून मीही लावला. हा भाग व्हिडिओत नाही.

पुढचं झटपट. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहनं वऱ्हाड गिळलं. ८४ वर्षांचं राज्य, पाचांतलं सगळ्यात आधी संपलेलं. गडावर बहराम बुरूज आहे, त्याचा शिलालेख १५७७ चा, म्हणजे नवे मालक तीन वर्षांत कामाला लागले होते. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या हवाली करावं लागलं. मग नागपूरकर भोसले आले, आणि १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज. उत्तरेकडून स्टीव्हनसनच्या फौजेनं डोंगरातून तोफा ओढत आणल्या आणि तट फोडला. आतली भिंत शाबूत होती, तर काही सैनिक घळीतून शिड्या लावून वर चढले आणि त्यांनी दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढं बारा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा तोच. दोनच दिवसांत देवगावला भोसल्यांशी तह झाला. आणि शिंद्यांशी झाला तो ३० डिसेंबरला, सुर्जी-अंजनगावला.

अंजनगाव. जिथं आम्ही नळाचं पाणी पिऊन आलो. परतताना पुन्हा तिथंच एसटी बदलली. पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं गाव, आणि याच तहात शिंद्यांच्या हातून दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख गेला. स्टँडवर गिला वडा खाताना मास्तरच्या पोरानं हे मोठ्यानं सांगितलं. वडेवाले म्हणाले, "आमच्या अंजनगावात?" आणि एक वडा फुकट दिला.

(दृश्य : नरनाळा. शहानूर दरवाजा, मग महाकाली दरवाजा.)

नरनाळा अकोटच्या वर, जंगलात. शहानूर गावात वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि चढायला लागलो. एकामागून एक दरवाजे. शेवटी महाकाली दरवाजा, आणि इथं चौघंही बोलायचे थांबलो. फिकट दगड, दोन्ही बाजूंना पुढं आलेले कोरीव सज्जे, कमळं, आणि कमानीवर पट्ट्यापट्ट्यांनी अरबी-फारसी अक्षरं. आम्हा चौघांनाही त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. जे वाचता येणाऱ्यांनी लिहून ठेवलंय ते असं : हा दरवाजा १४८७ मध्ये फतहुल्लानं बांधला, आणि लेखात वंशावळ दिलीय ती बहमनी सुलतान महमूदशाहाची. म्हणजे आपल्या धन्याची.

तीनच वर्षांनी त्यानं धन्याला सोडलं. लेख मात्र राहू दिला. खोडायला कितीसा वेळ लागला असता? एक पाथरवट, दोन दिवस.

"काऊन नसन खोडला?" मी विचारलं.

पुण्याचा दोस्त म्हणाला, "नोकरी बदलली तरी जुनं आयकार्ड ठेवतेच ना माणूस."

वर तेला-तुपाची टाकी आहेत, नवगजी तोफ आहे, आणि वाऱ्यानं लवणारं कमरेएवढं गवत. वाघाच्या जंगलात आहोत, पाचच्या आत उतरा, असं नाक्यावर बजावलं होतं. साडेचारला उतरलो. इतके काही आम्ही शूर नाही.

(दृश्य : रात्र. अकोला स्टेशन. पाठीवर चार बॅगा.)

अकोल्याहून पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून बिदर. फतहुल्ला नावाचं पोरगं दक्षिणेतून वर आलं, आम्ही त्याच्या उलट दिशेनं खाली चाललो. मोचीबुवांचा टाका शाबूत होता. कस्टमर केअरचा मेसेज आला होता, तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे. भाकरी दोन उरल्या होत्या, त्या गाडी हलताच संपल्या.

मास्तरच्या पोरानं वरच्या बर्थवरून सांगितलं, वाशीम आलं की उठवा. ते जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गाडी थोडा वेळ थांबते, फलकाचा तरी शॉट घेऊ.

वाशीम कधी गेलं ते कोणाला कळलं नाही. चौघंही झोपलो होतो. कॅमेरा चालू राहिला होता, म्हणून एवढं सापडलं : खिडकीबाहेर अंधार, गाडी थांबल्याचा धक्का, आणि दूरवरून चहावाल्याची हाक.