बेसबॉल प्लेऑफची शर्यत: 'गेम्स बिहाइंड' सोडा, पराभवांचा रकाना बघा

नमस्कार मंडळी.

२८ सप्टेंबर २०२५. मेजर लीग बेसबॉलच्या नियमित हंगामाचा शेवटचा दिवस. न्यूयॉर्क मेट्स मायामीकडून ४-० असे हरले. सिनसिनाटी रेड्सही हरले, मिलवॉकीकडून ४-२. दोघांचाही हंगाम संपला तो ८३ विजय, ७९ पराभवांवर. पण रेड्स प्लेऑफमध्ये गेले आणि मेट्सनी सामान आवरलं. जूनच्या मध्यावर याच मेट्सची कामगिरी सगळ्या तीस संघांत सरस होती, हे विशेष!

रेड्सना ती जागा त्या रविवारी मिळालीच नव्हती. हंगामात दोघे एकमेकांशी सहा सामने खेळले होते आणि त्यातले चार रेड्सनी जिंकले होते. जागा तिथे मिळाली.

आधी नियम झटपट बघू. दोन लीग, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने. एका लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, म्हणजे वाइल्ड कार्डवाले. पूर्वी जागेसाठी बरोबरी झाली की १६३वा सामना खेळवायचे. २०२२पासून तो बंद झाला. आता आधी आपसातले निकाल बघतात. तेही समान असले तर ज्याची स्वतःच्या डिव्हिजनमधली कामगिरी चांगली, तो पुढे. आयपीएलमुळे आपल्याला नेट रनरेटची सवय झाली आहे, पण इथे तो प्रकार नाही. १५-० ने जिंका नाहीतर १-० ने, वजन तेवढंच.

[स्क्रीनवर: अ संघ ८८–६६, ब संघ ८५–६७]

आता वही-पेन घ्या. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. विजयांमधला फरक ३, पराभवांमधला १. बेरीज ४, तिचे निम्मे २. हे झालं 'गेम्स बिहाइंड'. तक्ता म्हणतो ब संघ दोन सामने मागे आहे. पण पराभव बघा: ६६ आणि ६७. फरक फक्त एकाचा! पावसामुळे ब संघाचे दोन सामने राहिलेत, म्हणून तो तक्त्यात जास्त मागे दिसतो. राहिलेले सामने जिंकता येतात, झालेला पराभव मात्र पुसता येत नाही. म्हणून जुने प्रेक्षक आधी पराभवांचा रकाना वाचतात, आणि माझ्या मते सप्टेंबरच्या मध्यानंतर तोच एक रकाना वाचण्यासारखा असतो.

आता मॅजिक नंबर. १६३ मधून आघाडीवरच्या संघाचे विजय वजा करा, मग मागच्या संघाचे पराभव वजा करा. १६३ वजा ८८ वजा ६७, उत्तर ८. अ संघाचे विजय आणि ब संघाचे पराभव मिळून आठ झाले की विषय संपला. यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. आपसातल्या सामन्यांत अ संघ सरस असेल, तर त्याला बरोबरीही पुरते. मग १६३ऐवजी १६२ धरायचे आणि आकडा होतो ७. ब संघ सरस असेल तर ८च राहतो. एका डिव्हिजनमधले संघ हंगामात एकमेकांशी १३ सामने खेळतात, म्हणजे सात जिंकणाऱ्याकडे हा हुकमाचा पत्ता येतो. लीगमधल्या बाकीच्या संघांशी सहा किंवा सातच सामने असतात, त्यामुळे तिथे मे महिन्यातली एखादी हरलेली मालिकासुद्धा सप्टेंबरमध्ये भोवते.

दोघे समोरासमोर आले की आकडे भराभर हलतात. आघाडीवरचा जिंकला तर मॅजिक नंबर एका दिवसात दोनने उतरतो. हरला तर जागचा हलत नाही आणि अंतर मात्र पूर्ण एक सामन्याने घटतं. २०२५मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्स जुलैत डेट्रॉइट टायगर्सच्या साडेपंधरा सामने मागे होते. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दोघे सहा वेळा भिडले, क्लीव्हलँडने पाच सामने जिंकले आणि शेवटी एका विजयाच्या फरकाने डिव्हिजन खिशात घातली. वेळापत्रकात असे सामने कुठे उरलेत, हे आधी शोधून ठेवा.

वाइल्ड कार्डचं गणित जरा किचकट आहे, कारण प्रतिस्पर्धी एक नसतो. तक्त्यात तिसऱ्या जागेच्या वर असलेल्या संघांपुढे अधिकचं चिन्ह दिसतं. तुमचा संघ आत असेल तर बाहेरच्या प्रत्येक संघासमोर वेगळा मॅजिक नंबर काढा. त्यातला सर्वांत मोठा तो खरा. बाहेरचे दोघे एकमेकांशी खेळत असतील तर मजा, कारण एक जण हरणारच.

तिघे अडकले की काय होतं, ते २०२४मध्ये दिसलं. हेलीन चक्रीवादळामुळे मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्सचे दोन सामने पुढे ढकलले गेले आणि हंगाम संपल्यावर सोमवारी, ३० सप्टेंबरला, एकाच दिवशी खेळवले गेले. ॲरिझोना डायमंडबॅक्स ८९–७३ वर थांबून नुसते बघत होते. आपसातल्या सामन्यांत ते दोघांच्याही मागे होते, त्यामुळे कुणीतरी दोन्ही सामने जिंकले तरच त्यांना जागा होती. पहिला सामना मेट्सनी ८-७ असा घेतला, नवव्या डावात फ्रान्सिस्को लिंडोरच्या होमरनवर. दुसरा ब्रेव्ह्सनी ३-० असा. तिघेही ८९–७३, आणि ॲरिझोना बाहेर.

एका डिव्हिजनमधल्या दोन संघांची जागा पक्की असली तरी पहिल्या क्रमांकासाठी एवढी धडपड का? तर लीगमधले पहिले दोन डिव्हिजन विजेते तीन सामन्यांची वाइल्ड कार्ड मालिका टाळून थेट पुढच्या फेरीत जातात. २०२५मध्ये टोरंटो ब्लू जेज आणि न्यूयॉर्क यांकीज दोघेही ९४–६८. आपसात टोरंटो ८-५ ने पुढे, म्हणून सुट्टी त्यांना आणि यांकीजना जादा मालिका. अर्थात जादा मालिका म्हणजे शेवट नव्हे: २०२३मध्ये टेक्सास रेंजर्सनी असाच टायब्रेकर (बरोबरी फोडणारा निकष) ह्यूस्टनला गमावला आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाच जिंकली.

पिचरकडेही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडेही, लक्ष ठेवा. सुरुवात करणारे पिचर साधारण पाच असतात आणि प्रत्येकाला दोन सामन्यांत निदान चार दिवसांची विश्रांती देतात. शेवटच्या रविवारी जागेसाठी हुकमी पिचर वापरावा लागला, तर मंगळवारी सुरू होणाऱ्या वाइल्ड कार्ड मालिकेच्या पहिल्या सामन्याला तो सहसा मिळत नाही. उलट ज्यांचं सगळं ठरलंय ते मोठ्या खेळाडूंना बसवतात. म्हणून नुसतं प्रतिस्पर्ध्याचं नाव बघून सामना सोपा-अवघड ठरवू नका, त्या दिवशीचा पिचर बघा.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ: सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, लॉस एंजेलिसचे सात म्हणजे सकाळचे साडेसात. शेवटच्या रविवारचे सामने जवळजवळ सगळे एकदम सुरू होतात, न्यूयॉर्कच्या दुपारी तीनच्या सुमारास. इथे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे गजर लावताना तारीख सोमवारची टाका. रविवारची टाकलीत तर शनिवारचे सामने हाती लागतील.