उपयोग माहीत नाही

(छोट्या गावांतली इतिहास-संग्रहालयं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आमच्या एका कपाटात अनेक वर्षं एक वस्तू पडून होती. वीतभर लांबीचा लोखंडी ट्रे, एका लांब बाजूला कड, एका टोकाला भिंत आणि दुसऱ्या टोकाला मागेपुढे सरकणारा अडसर. खाली चिठ्ठी होती, ‘धातूची वस्तू. उपयोग माहीत नाही.’ अक्षर माझंच.

एका दुपारी एक आजोबा नातवाला घेऊन आले. खरं तर ते ऊन चुकवायला आत शिरले होते. त्या कपाटापाशी थांबले आणि म्हणाले, “ही उलटी ठेवलीय.” मी कुलूप काढलं. त्यांनी ती वस्तू डाव्या हातात घेतली, अंगठा आपोआप आतल्या बाजूला जाऊन टेकला, आणि उजव्या हाताची बोटं हवेतूनच काहीतरी वेचायला लागली. छापखान्यात आयुष्य काढलेले जुळारी होते ते. आमचा ट्रे म्हणजे त्यांची खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवायची स्टिक. ओळ डावीकडून उजवीकडेच लावायची, पण अक्षरं डोक्यावर उभी. प्रत्येक खिळ्याला खाच असते, ती बोटाला लागली की खिळा सुलटा की उलटा हे न बघता कळतं. ओळ वाढते तसा अंगठा सरकतो, शेवटचा खिळा पडू नये म्हणून. “उलटं अक्षर मला सरळपेक्षा लवकर दिसतं,” म्हणाले, “आणि चूक त्याच्याही आधी.”

मी मोबाइलवर चित्रण केलं. चेहऱ्याचं थोडं आणि हातांचं भरपूर. नोंदवहीत त्या वस्तूचा क्रमांक तोच राहिला, वजन-मापही तेच. पण त्या दिवसापर्यंत आमच्याकडे नुसतं लोखंड होतं, हे मला तेव्हा कळलं.

आपण कार्यक्रम भरपूर करतो. व्याख्यान, प्रदर्शन, शाळेची सहल, रांगोळीपासून निबंधापर्यंतच्या स्पर्धा. १९७७ पासून दर वर्षी १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन साजरा होतो, त्या दिवशी आपणही फलक लावतो. या सगळ्यात लोकांना आपण म्हणतो, ‘या, बघा.’ ‘या, सांगा’ असं फार क्वचित म्हणतो. लोक एकदा बघून जातात आणि पुन्हा येत नाहीत अशी तक्रार मग आपणच करतो. बघून झालेल्या गोष्टीसाठी माणूस पुन्हा कशाला येईल?

आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी खेचणारा उपक्रम सर्वांत स्वस्त आहे. निनावी फोटोंच्या मोठ्या प्रती काढायच्या, टेबलावर पसरायच्या, प्रत्येकीवर ट्रेसिंग पेपर आणि शेजारी पेन्सिल. मूळ फोटो बाहेर काढायचा नाही. ट्रेसिंग पेपरवर माणसांच्या बाह्यरेषा काढून आकडे घालायचे आणि ओळखणाऱ्याने आकड्यापुढे नाव लिहायचं. त्याच्यापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. हा शेवटचा रकाना आम्ही पहिल्या वर्षी ठेवला नव्हता. परिणाम असा झाला की एकाच गृहस्थांना तिघांनी तीन नावं दिली आणि कोणाला परत विचारायचं हेच कळेना. आता तिन्ही नावं तशीच ठेवतो. खोडत काहीच नाही.

दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतल्या संग्रहालयाचं उदाहरण मला इथे द्यायलाच हवं. १९६६ साली तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला, साठ हजारांहून जास्त लोकांना तिथून हलवलं आणि घरं पाडली. १९९४ साली एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय सुरू झालं, तेव्हा जमिनीवर त्या वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला गेला. तिथले जुने रहिवासी वाकून आपापल्या घराच्या जागी नाव लिहू लागले. शेजाऱ्याच्या नावाशेजारी शेजाऱ्याचं नाव. पाडलेली वस्ती तिच्याच माणसांनी नकाशावर पुन्हा वसवली. पैसा लागला असेल, पण कल्पनेला लागतो तो जमिनीवरचा एक नकाशा आणि लिहू देण्याची तयारी.

दुसरं उदाहरण जरा अडचणीचं आहे. वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया भागात १९६७ साली वस्तीचं म्हणून एक संग्रहालय उघडलं. जागा होती जुनं चित्रपटगृह आणि संचालक जॉन किनार्ड. दोन वर्षांनी त्यांनी प्रदर्शन भरवलं ते उंदरांवर. जिवंत उंदरांसकट! कारण वस्तीतल्या मुलांचं रोजचं दुखणं तेच होतं. आपल्यापैकी किती जणांची समिती याला मंजुरी देईल? आमची देणार नाही, हे मी आत्ताच सांगतो.

पण मग आपल्या कपाटांकडे पुन्हा बघा. खुर्ची कारखान्याच्या मालकाची, पगडी मानकऱ्याची, तलवार सरदाराची. ज्यांच्या घरात जागा होती त्यांच्याच वस्तू टिकल्या आणि आपल्यापर्यंत आल्या. कामगाराने काय दिलं असतं? हत्यार झिजेपर्यंत वापरलं आणि मोडीत घातलं. अशा घरांतून वस्तू येत नाहीत, आठवणी येतात. त्यामुळे आवाजाच्या नोंदी हे संग्रहालयाचं जोडकाम समजू नका. शांत खोली, पंखा बंद, मोबाइल टेबलावर आणि एकच प्रश्न, ‘सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं?’ ‘तुमच्या काळाबद्दल सांगा’ असं विचारलंत तर भाषण मिळतं.

आता देणगीबद्दल थोडं, कारण इथेच संबंध बिघडतात. इंग्लंडमधल्या बीमिश संग्रहालयाची उभारणी करणारे फ्रँक अ‍ॅटकिन्सन यांनी लोकांना सांगितलं होतं की द्याल ते घेऊ. त्यांच्याकडे तेवढी जागा होती. आपल्याकडे दोन खोल्या आणि एक जिना. ‘सध्या ठेवून घ्या, मग बघू’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. वस्तू दिली की ठेवायला दिली, हे कागदावर त्याच दिवशी लिहून सही घ्या. नाही म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा, पण त्या वस्तूचा फोटो आणि तिची हकिगत घेतल्याशिवाय माणसाला परत पाठवू नका. निम्म्याहून जास्त लोकांना हकिगत सांगायचीच असते, वस्तू हे निमित्त असतं.

उत्साहाने नुकसानही होतं. मी स्वतः एका जुन्या वर्तमानपत्राचं लॅमिनेशन करून आणलं होतं, कौतुकाने. कागद आता कायमचा त्या प्लास्टिकच्या आत आहे. तो सोडवायला गेलं तर फाटेल, नाही सोडवला तर आतल्या आत पिवळा पडत राहील. म्हणून नव्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी तेच पान हातात देतो. चिकटपट्टी आणि बॉलपेन यांच्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

मुलांच्या बाबतीत एकच करतो. एक वस्तू समोर ठेवून वीस मिनिटं तिचं चित्र काढायला सांगतो. चित्र चांगलं आलं नाही तरी चालतं. माहितीचा फलक झाकलेला असतो. पंधराव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, ‘ही कड इथेच एवढी का झिजलीय?’ हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या आजोबांनंतर आम्ही एक कपाट मुद्दाम वेगळं केलं. वर लिहिलं, ‘उपयोग माहीत नाही.’ समितीत एक जण म्हणाले, ही आपल्या अज्ञानाची जाहिरात झाली. झाली खरी. पण लोक आता शिरल्या शिरल्या तिकडेच जातात आणि एकमेकांशी वाद घालतात. आजोबाही पुढच्या आठवड्यात दोन जुने सहकारी घेऊन आले आणि स्टिक धरायची पद्धत कोणाची बरोबर यावर तिघांचं चांगलंच जुंपलं. चिठ्ठीवर आता तिन्ही पद्धती आहेत.

त्या कपाटातली एक वस्तू आज बरोबर आणली आहे. दोन भोकं असलेली लाकडी खुंटी आहे, एका बाजूने गुळगुळीत झालेली. बाहेरच्या टेबलावर कापडावर ठेवली आहे. मध्यंतरात हातात घेऊन बघा, हात तेवढे धुऊन या. शेजारी पेन्सिल आणि वही आहे.